मालिका तपासायची कशी? कुरुंद्यातल्या ख्रिस्ती घरासाठी

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात कुरुंदा हे मोठे गाव. ऊस, केळी, हळद ही इथली पिके, आणि टोकाई साखर कारखान्यामुळे गावाचे नाव तालुक्याबाहेरही माहीत. हळद काढण्या-शिजवण्याचे दिवस सोडले तर संध्याकाळी सातपासून घरोघर टीव्ही चालू असतो, आणि सहसा घरात तो एकच असतो. आजी, सून, कॉलेजात जाणारा मुलगा आणि दुसरीतले लेकरू एकाच खोलीत एकच मालिका बघतात. शहरात ज्याची त्याची आवड ज्याच्या त्याच्या मोबाईलवर भागते. इथे आजीने लावलेले सगळ्यांनाच बघावे लागते.

या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती विरळ. त्यामुळे 'ही मालिका लेकरांसोबत बघावी का' हा प्रश्न घरातल्या घरात सोडवावा लागतो, आणि तो बहुतेक दोनच प्रकारे सुटतो. एक तर टीव्ही म्हणजे सैतानाचे काम म्हणून बंद, नाहीतर सगळेच बघतात म्हणून चालू. मधली वाट आहे, मालिका तपासून तिचे परीक्षण लिहिण्याची. ती जरा कष्टाची आहे, पण ज्याला दिवसाला अर्धा तास आणि एक वही परवडते त्याला ती जमते.

ही वाट नवी नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात कॅथलिकांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' काढली. ती चित्रपटांना अ, ब, क अशा श्रेणी देई. 'क' म्हणजे धिक्कारलेला. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या परिपत्रकात या कामाची वाखाणणी केली, आणि बारावे पायस यांनी १९५७ मध्ये चित्रपट, रेडिओ आणि टीव्ही या तिन्हींवर मिळून परिपत्रक काढले. लगेच १९५८ मध्ये असिसीची संत क्लारा ही टीव्हीची आश्रयदाती संत म्हणून जाहीर झाली. आजारपणात अंथरुणावरून तिला भिंतीवर मिस्सा दिसल्याची आख्यायिका आहे. भारतात टीव्ही आला १९५९ मध्ये, तोही दिल्लीपुरता. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे आपल्याकडे टीव्ही पोचण्याआधीच त्याला संत मिळाली होती.

प्रोटेस्टंट बाजूला आज अमेरिकेतली दोन नावे मोठी आहेत, 'मूव्हीगाइड' आणि 'प्लग्ड इन'. पहिले कलाकृतीच्या दर्जाला तारे देते आणि नीतीला उणे चार ते अधिक चार असे वेगळे गुण देते. ही दोन मापे वेगळी ठेवण्याची पद्धत मला पटते, कारण चांगले केलेले आणि चांगले असलेले यांत फरक आहे. दुसरे नाव रकाने पाडते: चांगल्या बाजू, धार्मिक संदर्भ, लैंगिक दृश्ये, हिंसा, शिवराळ भाषा, दारू-अमली पदार्थ. प्रत्येक रकान्यात काय दिसले ते लिहायचे आणि शेवटी निष्कर्ष.

आता हेच रकाने घेऊन रात्री आठची कुठलीही मराठी मालिका तपासून बघा. शिवी नाही. चुंबन नाही. दारू दिसलीच तर खाली इशारा येतो. मालिका सगळ्या रकान्यांत स्वच्छ सुटते. आणि त्या बावीस मिनिटांत जावेने जावेच्या खिरीत काहीतरी कालवलेले असते, सासूने सुनेला पाहुण्यांसमोर अपमानित केलेले असते, एका मुलीचे लग्न मोडण्याचा कट शिजलेला असतो आणि खोटे बोलणाऱ्या बाईवर कॅमेरा तीन वेळा झेपावलेला असतो. परदेशी चाळणीची भोके या धान्यासाठी पाडलेलीच नाहीत. म्हणून आधी चाळणी बदलावी लागते.

त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हिंगोलीच्या उत्तरेला वाशीम आहे. तिथे नाझरेन मंडळीचे जुने काम आहे. त्यांचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. या मंडळीच्या नियमपुस्तकात करमणुकीविषयी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. पहिली, मोकळा वेळ हीसुद्धा देवाने सोपवलेली ठेव आहे, तिचा हिशेब द्यायचा आहे. दुसरी, घराच्या आत टीव्ही-पुस्तक-इंटरनेटच्या वाटेने जे येते त्याला ख्रिस्ती जीवनाचा उंचात उंच दंडक लावायचा. तिसरी, देवाची टवाळी, हिंसा, कामुकता, शिवीगाळ आणि जादूटोणा यांविरुद्ध बोलायचे, गप्प बसायचे नाही. या तिन्हींच्या पाठीशी जॉन वेस्ली यांच्या आईचा, सुझाना वेस्ली यांचा, उपदेश ठेवला आहे. त्याचा आशय असा की ज्याने विवेकबुद्धी बोथट होते आणि देवाची ओढ कमी होते ते तुझ्यापुरते पाप समज, वस्तू वरून कितीही निरुपद्रवी दिसो. मराठी मालिकेच्या परीक्षकाला मी याच कसोटीपासून सुरुवात करायला सांगेन. ती दृश्ये मोजत नाही. बघणाऱ्यावर काय परिणाम झाला ते विचारते.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाने मन कशावर ठेवावे याची जी यादी दिली आहे, ती प्रत्येक ख्रिस्ती परीक्षक पुढे करतो. ती नीट वाचा. ती सत्यापासून सुरू होते. शुद्धता नंतर येते. आपण मात्र थेट शुद्धतेवर उडी मारतो. जी मालिका संसार खोटा दाखवते, जिथे बायका झोपताना शालू नेसतात आणि गरीब घरात गिलावा पडलेली भिंत दिसत नाही, ती पहिल्याच पायरीवर घसरली. उलट पवित्र शास्त्र रकान्यांच्या पद्धतीने तपासले तर शास्ते हे पुस्तक किंवा दावीद-बथशेबेची हकिगत लेकरांना वाचून दाखवता येणार नाही. दावीदाचे पाप शास्त्रात दाखवले आहे, त्याची पाठराखण केलेली नाही. नाथान संदेष्टा येतो आणि राजाला तोंडावर सांगतो. दाखवणे आणि पाठराखण यांतला हा फरक हाच परीक्षणाचा कणा आहे.

तर प्रत्यक्ष काम असे.

मालिका एका भागावरून तोलू नका. चित्रपटाला शेवट असतो. मालिकेला टीआरपी असते. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात, आणि घसरले की कथा वळवली जाते. गेलेला माणूस परत येतो, चांगली नणंद वाईट होते. म्हणून किमान दोन आठवडे सलग बघा. अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा मजकूर उरतो, त्यातही कालचे थोडे पुन्हा दाखवलेले असते. दोन आठवड्यांचे काम वाटते तेवढे मोठे नाही. सुरुवातीचे काही भाग आणि अलीकडचे काही भाग अ‍ॅपवर बघून तुलना केली तर आणखी उत्तम. कथा कुठून निघाली आणि कुठे भरकटली ते कळते.

वही घेऊन बसा आणि घटना लिहू नका, घटनेमागचे वजन लिहा. कट कोणी केला हे सगळ्यांना कळते. कट करणारी बाई पडद्यावर किती वेळ होती, तिला चांगले संवाद मिळाले का, पार्श्वसंगीत तिच्या बाजूने होते का, ते नोंदवा. दृश्यात हशा आला तर कोणावर आला? मोलकरणीवर, जाड मुलीवर, गावाकडची भाषा बोलणाऱ्यावर? मराठवाडी बोलणारे पात्र पडद्यावर आले की बहुतेक वेळा ते विनोदासाठीच येते. कुरुंद्याच्या लेकराला त्यातून स्वतःविषयी काय शिकायला मिळते ते परीक्षकाने लिहिलेच पाहिजे. केलेल्या चुकीचा परिणाम कोणाला भोगावा लागला तेही लिहा. आणि माफी! मराठी मालिकांत माफी मागणारे पुष्कळ, पण माफीनंतर वागणे बदललेले पात्र शोधावे लागते. ख्रिस्ती दृष्टीने पश्चात्ताप म्हणजे वागणे वळणे, त्यामुळे हा रकाना मी सगळ्यांत वरचा मानतो.

उदाहरण घेऊ. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही झी मराठीवरची मालिका २०१६ ते २०२१ चालली. नवरा गुरुनाथ, नागपूरकडची बायको राधिका आणि त्याची मैत्रीण शनाया. नवऱ्याने केलेली फसवणूक हा विषय, आणि सूर विनोदी. रकान्यांनी तपासले तर 'विवाहबाह्य संबंध' असा लाल शेरा मारून वही मिटता येते. पण मालिकेची सहानुभूती सगळा काळ राधिकेकडे होती, ती मसाल्याचा उद्योग उभा करते, आणि गुरुनाथ हास्यास्पद होत जातो. म्हणजे पाठराखण नाही. मग चूक कुठे? मला वाटते ती सुरात आहे. वर्षानुवर्षे रोज रात्री एका संसाराची मोडतोड गंमत म्हणून बघितली की तिचे दुःख वाटेनासे होते. सुझानाबाईंची कसोटी इथे लागते. पुढे राधिका दुसरे लग्न करते. तिथे कॅथलिक परीक्षक अडेल, कारण त्याच्या दृष्टीने पहिले लग्न मोडलेलेच नाही. प्रोटेस्टंट परीक्षक व्यभिचाराचा अपवाद मान्य करून पुढे जाईल. दोघांनी आपापली भूमिका स्पष्ट लिहावी. वाचणाऱ्या आईला ती कळली म्हणजे ती तिचे ठरवेल. माझा शेरा असा असता: मोठ्यांना चालेल, दहा वर्षांखालच्यांना नको, आणि रोज नकोच.

'देवमाणूस' ही २०२० ची मालिका याच्या उलट टोकाला. सातारा जिल्ह्यातल्या वाई-धोम भागात उघडकीस आलेल्या हत्याकांडावर ती आधारलेली. खुनी डॉक्टरच तिचा नायक. इथे दाखवणे आणि पाठराखण यांतली रेघ फार पातळ होते. गावकरी ज्याला देव मानतात तो आतून काय आहे, हा विषय खरे तर ख्रिस्ती वाचकाला ओळखीचा. मेंढराच्या वेषातल्या लांडग्याचा इशारा शुभवर्तमानात आहेच. पण खलनायक रोज भेटायला लागला की तो आवडायला लागतो, आणि बळी गेलेल्या बायका नुसत्या एकामागून एक येऊन जातात. परीक्षकाने इथे एक साधा प्रश्न विचारावा: मेलेल्या माणसासाठी मालिका किती वेळ थांबली?

आता नाजूक भाग. मराठी टीव्हीवर देवदेवतांच्या मालिका भरपूर. 'जय मल्हार', 'विठू माऊली', 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' या लोकप्रिय झाल्या आणि शेजारच्या घरात त्या भक्तीने बघितल्या जातात. काही परदेशी परीक्षक 'इतर धर्म' असा दोषाचा रकाना ठेवतात. कुरुंद्यात तो ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याची श्रद्धा ही आपल्या परीक्षणातली खोट नव्हे. ती माहिती म्हणून लिहावी, म्हणजे ख्रिस्ती पालकाला मुलाशी काय बोलायचे ते आधी कळेल. विठोबाच्या मालिकेत भुकेल्याला घास देणारे पात्र असेल तर ते चांगलेच आहे, तसे लिहावे. कवी नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबा परके झाले नव्हते.

जादूटोण्याचे मात्र तसे नाही. भानामती आणि करणीच्या भीतीने मराठवाड्यात बायकांचे आणि गरिबांचे फार हाल झाले आहेत. राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. 'रात्रीस खेळ चाले' सारखी मालिका कोकणातल्या वाड्यात घडते म्हणून इथल्या लेकराला कमी भीती वाटते असे नाही. मालिका भीतीचा उलगडा करते की भीती खरी ठरवते, ते शेवटपर्यंत बघून लिहावे. या एका बाबतीत ख्रिस्ती परीक्षक आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले यांचा शेरा एकच येईल, आणि त्यात वावगे काही नाही.

ख्रिस्ती माणसे पडद्यावर कशी दिसतात, हेही बघायचे. बहुतेक वेळा ती दिसतच नाहीत. दिसली तर गळ्यात क्रूस, हातात ग्लास आणि तोंडी मोडकी हिंदी. मराठी ख्रिस्ती घर, जिथे चुलीशी मराठीच बोलली जाते आणि नाताळात करंज्या होतात, टीव्हीवर जवळजवळ नाहीच. याला मोठा अपवाद म्हणजे विजया मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रावरून दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. या हकिगतीत तापट नवरा आहे, मोडलेले घर आहे, सोवळ्याओवळ्याची ओढाताण आहे, उपाशी दिवस आहेत. रकान्यांच्या पद्धतीने ती 'कौटुंबिक कलह' म्हणून नापास होईल. प्रत्यक्षात मराठीत ख्रिस्ती कुटुंबाची याहून खरी गोष्ट नाही, कारण तिथे कोणीही देवदूत नाही आणि माणसे बदलतात. नवा परीक्षक तयार करायचा असेल तर त्याला आधी 'स्मृतिचित्रे' वाचायला द्यावे.

जाहिराती विसरू नका. नियमाने तासात बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, म्हणजे लेकरू संध्याकाळभरात एका अख्ख्या भागाहून जास्त जाहिराती बघते. तंबाखू आणि दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, म्हणून त्याच नावाची इलायची, सोडा आणि संगीताच्या सीडी विकल्या जातात, तेही आवडत्या नटांच्या तोंडून. क्रिकेटचा सामना 'स्वच्छ' म्हणून लावून देणाऱ्या बापाने हे एकदा बसून मोजावे. गोरेपणाची क्रीम हाही माझ्या वहीत दोषच आहे. देवाच्या प्रतिरूपाला रंगाची अट नाही.

मोबाईलवरच्या वेबमालिकांचे गणित वेगळे. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांना वयाचे शिक्के लावावे लागतात: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या शिक्क्याच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप द्यावे लागते. ते सेटिंगमध्ये असते, पण आपोआप लागतेच असे नाही. ते लावणे आपले काम. शिक्का वय सांगतो, योग्यता सांगत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

लिहिताना परीक्षण लहान ठेवा. मंडळीच्या सूचनाफलकावर किंवा महिला मंडळाच्या बैठकीत वाचता येईल एवढे. मालिकेचे नाव, वेळ, कोणत्या तारखांचे भाग बघितले. गोष्ट दोन वाक्यांत. काय आवडले, मोकळ्या मनाने. काय खटकले, प्रसंगासह. आणि शेवटी कोणासाठी. 'अनैतिक', 'घाणेरडी' असे शब्द टाळा, त्यांतून आईला काही कळत नाही. 'मंगळवारच्या भागात मुलगा बापाला खोटे सांगून पैसे नेतो आणि त्याचे कौतुक होते' हे वाक्य तिला उपयोगी पडते. दर्जा आणि नीती वेगळे लिहा. चांगला अभिनय असलेल्या मालिकेला तो नाकारणे हेही खोटेच. निरोप्या, ज्ञानोदय, वसईची सुवार्ता अशी मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा आहे. ज्ञानोदय तर १८४२ पासूनचे. आपण लिहिलेले बरे उतरले तर अशा ठिकाणी पाठवावे.

परीक्षण घरात कसे वापरायचे, यावर पोप दुसरे जॉन पॉल यांचा १९९४ चा संदेश नेमका आहे. त्या वर्षीचा विषयच टीव्ही आणि कुटुंब हा होता. टीव्हीला लेकरे सांभाळायला बसवणारे पालक आपले शिक्षकपण सोडून देतात, असे त्यांनी बजावले. मुलांशी बघितलेल्यावर बोला, वेळ ठरवा, कधीकधी सरळ बंद करा आणि कार्यक्रम करणाऱ्यांना आपले मत कळवा, असेही सांगितले. यातले शेवटचे आपण करतच नाही.

ते करायची सोय आहे. केबल कायद्याच्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. त्यात असभ्यता, धर्मांवर वा जमातींवर हल्ला, अंधश्रद्धेला उत्तेजन, बायका-मुलांची मानहानी यांना मनाई आहे. तक्रार आधी चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झाले नाही तर चॅनेलांच्या स्वनियमन संस्थेकडे जायचे. करमणुकीच्या वाहिन्यांसाठी बीसीसीसी ही परिषद २०११ पासून आहे, तिचा पत्ता पडद्याखालच्या पट्टीत अधूनमधून सरकत जातो. त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालय. एकट्या माणसाचे कोण ऐकतो, असे म्हणू नका. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणाऱ्या प्रतिभा नैथानी यांनी प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २००५-०६ मध्ये न्यायालयाने अशा चित्रपटांना चाप लावणारे आदेश दिले.

तक्रारीत चॅनेल, मालिका, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहा. वहीत ते आधीच असेल. 'आमच्या भावना दुखावल्या' या वाक्याने सुरुवात करू नका, संहितेचे कोणते कलम मोडले ते लिहा. आणि एखादी मालिका मनापासून आवडली तर त्याच पत्त्यावर तेही कळवा. चॅनेलला कुरुंद्याहून कौतुकाचे पत्र येणे ही तक्रारीहून दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ते टेबलावर जास्त दिवस राहील.